पडवीतलं इंग्रजी

आमच्या दोंडाईच्याच्या घराला मागच्या अंगाला एक पडवी होती. तिथे सरपण असायचं, मोडकी खाट असायची, आणि महिन्यातले काही दिवस घरातली एखादी बाई असायची. बाहेरची झालेली. तिनं कशाला शिवायचं नाही, गोणपाटावर बसायचं, ताट-तांब्या वेगळा, आणि आंघोळ होईपर्यंत घर तिच्यावाचून चालवायचं. आई त्या दिवसांत तांदूळ निवडायलासुद्धा मिळत नाही म्हणून चिडचिडायची. वहिनी मात्र त्या दिवसांची वाट पाहायची.

मी वहिनीला स्वप्नात बघते ती नेहमी त्याच पडवीत. मिरचीच्या हंगामात बाजाराकडून तांबूस धूळ यायची आणि दुपारच्या कवडशात तरंगत राहायची. त्या धुळीच्या पलीकडे वहिनी भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जप चाललाय. ती इंग्रजी वाक्यं म्हणत असायची.

वहिनी फैजपूरकडची. मॅट्रिकला बाकीचे विषय निघाले होते, इंग्रजीत गेली, आणि निकालानंतर महिन्याभरात तिचं माझ्या दादाशी लग्न झालं. दादा जळगावला एका कारखान्याच्या कचेरीत होता, शनिवारच्या गाडीनं घरी यायचा. घर आबांच्या शब्दावर चालायचं. आबा एका मारवाडी शेठजींच्या पेढीवर दिवाणजी होते. गावातल्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई एकदा हळदीकुंकवाला आल्या आणि आईला म्हणाल्या, सून मॅट्रिक झाली तर सांगा, मला एक शिक्षिका हवीच आहे. वहिनी तेव्हा पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिच्या हातातल्या तबकाचा आवाज मी ऐकला. तिनं दादाकडून आबांना विचारवलं. आबांनी बरेच दिवस विषय तसाच ठेवला. मग म्हणाले, एकदा बसू दे. कामात खोट नको आणि दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

मीही त्याच वर्षी मॅट्रिकला होते. मला शिकवायला संध्याकाळी एक निवृत्त मास्तर यायचे. ते ओसरीवर सतरंजीवर बसायचे, मी समोर, आणि दाराच्या आड वहिनी. हाताला काहीतरी काम असायचं, भाजी नाही तर वाती. कान बाहेर.

मास्तरांचा एक आवडता भाग होता. इंग्रजीत दोन नकार जोडीनं येतात, ‘नायदर’ आणि ‘नॉर’, त्यांची जागा. याच भागात आपल्याकडची मुलं मार्क गमावतात असं त्यांचं म्हणणं. आणि मी अगदी नेमानं गमवायची. ‘शी नायदर लाइक्स टी नॉर कॉफी’ असं मी लिहिलं की ते पाटी माझ्यासमोर धरायचे. "बाई, तुझ्या वडिलांच्या पेढीवर तागडी पाहिलीस ना? हे दोन शब्द म्हणजे तिची दोन पारडी. एका पारड्यात तू ‘चहा आवडणं’ घातलंस आणि दुसऱ्यात नुसती कॉफी. काटा कसा राहील? ‘लाइक्स’ बाहेर काढ. ‘शी लाइक्स नायदर टी नॉर कॉफी.’ इकडे चहा, तिकडे कॉफी. झालं वजन."

वजनाचं मला कळायचं. पण पुढचा प्रकार डोक्यात शिरत नसे. नकार वाक्याच्या अगदी तोंडाशी आला की मदतीचं क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढे जातं. ‘नो सूनर’नं सुरुवात केली की ‘ही हॅड’ नाही, ‘हॅड ही’. का, ते मास्तर सांगत नसत. तसंच असतं म्हणायचे. एका संध्याकाळी मी ते पुन्हा पुन्हा चुकत होते, आणि दाराआडून वहिनीचा आवाज आला. मास्तरांसमोर ती पहिल्यांदा बोलली.

"मामंजी उंबऱ्यात आले की सून आधी उठून उभी राहते, तसंच ना हे?"

मास्तर दाराकडे वळले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. तसंच, म्हणाले, अगदी तसंच. नकार म्हणजे सासरा. आबा आतून हे ऐकत होते. मला वाटलं आता काहीतरी होणार. पण दुसऱ्या दिवसापासून सतरंजीच्या कोपऱ्यावर वहिनीला बसायची परवानगी मिळाली, स्वयंपाक आटपून वेळ उरला तर. वेळ अर्थातच उरायचा नाही. सकाळी पाणी, मग भाकरी, मग धुणं, दुपारी दळण-कांडण, संध्याकाळी पुन्हा चूल. म्हणून पडवी. महिन्यातले ते दिवस तिची शाळा होती.

मी शाळेतून आले की लांबून, शिवणार नाही इतक्या अंतरावर बसून तिची वाक्यं ऐकायची. चारचौघांत ती मला वन्सं म्हणायची आणि तुम्ही. पडवीत नुसतं तू. पुस्तकातली वाक्यं तिला बेचव लागायची. ती घरातली करायची. ‘नो सूनर डिड आबा कफ दॅन द हाउस फेल सायलेंट.’ आबा खोकले न खोकले तोच घर चिडीचूप. ‘हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन समवन आस्क्ड फॉर टी.’ बसते न बसते तोच कोणाला तरी चहा हवा. आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. एकदा खरंच आबा खोकले आणि घर खरंच गप्प झालं, तेव्हा तर मला पळून विहिरीपाशी जावं लागलं.

कधी कधी ती म्हणायची, मराठीत बरं असतं. सगळं सांगून होतं आणि नाही शेवटी येतं, ऐकणाऱ्याला तयारीला वेळ मिळतो. यांचं नाही आधीच येऊन दारात उभं. मी तेव्हा त्यावर काही विचार केला नाही. आमच्या घरात बायकांचं नाही शेवटी तरी कुठे येत होतं? ते यायचंच नाही.

थंडी संपत आली होती. वहिनी पडवीत होती आणि मी लांबूनच तिच्याकडे पेरू टाकला होता. तिनं तो खाल्ला नाही. हातात फिरवत राहिली आणि म्हणाली, "मी बाहेरची नाहीये."

मला कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. मागच्या महिन्यातही नव्हती. दिवस गेले होते. आणि हे घरात कळलं तर परीक्षा राहिली, हे तिला जितकं माहीत होतं तितकंच मलाही होतं. पोटुशी बाई एसटीत बसून परीक्षेला धुळ्याला जाणार नाही. म्हणून ती महिना भरला की आपली उठून पडवीत येऊन बसत होती. तशी ती येऊन बसली की आई निश्चिंत व्हायची. म्हणजे जरा खट्टू व्हायची, पण संशय घ्यायची नाही.

मला आजही ते आठवलं की थंडी वाजते. घरात कोणाला दिवस गेले की तिला खाली बसू देत नाहीत, दूध देतात, जड उचलू देत नाहीत. आणि ही त्या दिवसांत फरशीवर गोणपाट टाकून झोपत होती, वेगळ्या ताटात गार झालेलं जेवत होती, एका पेपरासाठी. गोधडी द्यावी तर ती धुवावी लागणार, आईला कळणार.

"परीक्षेपर्यंत फक्त," ती म्हणाली. "मग मीच सांगेन. तू सांगू नकोस."

मी मान हलवली.

परीक्षा आली तशी वाळवणंही आली. आमच्याकडे त्या दिवसांत ज्वारीचे बिबडे घालतात. ज्वारी भिजवायची, भरडायची, मोठ्या पातेल्यात लसूण, तीळ, मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, ओली धोतरं अंथरून त्यावर पाण्याच्या हातानं गोल गोल थापायचे. एकटीचं काम नव्हे. आळीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे जायच्या. आमच्याकडचा दिवस परीक्षेच्या अगदी तोंडावर आला. तेव्हा वहिनी पडवीतच होती, ठरवून. धुळ्याला जायच्या आदल्या दिवशी तिची आंघोळ होणार होती. देवपुरात तिची मावशी राहायची, तिच्याकडे आम्ही दोघी उतरणार होतो. मावशीनं निरोपही पाठवला होता की अंथरुणं घालून ठेवते.

आदल्या संध्याकाळी मास्तर शेवटचं शिकवून उठले. आबांनी विचारलं, काय म्हणतात विद्यार्थी? मास्तर साधे होते. म्हणाले, सूनबाई या खेपेला नक्की निघेल, तीही चांगल्या मार्कांनी. मुलीचं काही सांगता येत नाही. आबा हसले, आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "लेक माझी, पण डोकं सुनेचं निघालं." चेष्टेतच म्हणाले. दादाही हसला, तो रजा काढून आम्हाला धुळ्याला सोडायला आला होता. मीही हसले. ताटात अर्धी भाकरी मात्र तशीच ठेवून उठले.

सकाळी घाट्याचा वास घरभर गेला. लसूण, तीळ आणि आंबलेली ज्वारी. मी धाब्यावर पाणी पोचवत होते. खाली पडवीशी एका शेजारच्या अक्कांची फेरी झाली. त्या म्हाताऱ्या, आळीतल्या बाळंतपणांना त्यांना बोलावायचे. त्या वर आल्या त्या आईजवळच बसल्या, थापता थापता बोलू लागल्या. घाट्याचा वास गेला तशी तुझी सून पदर तोंडाला लावून उमासे काढत होती, असं त्यांनी पाहिलं होतं.

"तुनी सून बाहेर बठेल शे ना? मंग तिना तोंडवर हाई तेज कशानं शे?"

बायका हसल्या. आई हसली नाही. तिचा हात थापता थापता थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

बायका आपापल्या घरी गेल्या. दुपार कलली. बिबडे वरून वाळले की धोतर उलटं करतात, पाठीवर पाणी शिंपडतात, कापड भिजलं की बिबडा अलगद सुटतो. ते काम आई आणि मी करत होतो. दोघींच्या मध्ये ते पांढरं धोतर. धाब्यावरून खाली पडवीचं तोंड दिसायचं, आणि तिथे वहिनी बसलेली दिसायची. ती आमच्याकडे बघत होती. हे सगळं मला आता पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं, कडा हलतायत, पण मधली ती जागा अगदी स्थिर.

आई म्हणाली, "तू तिच्याजवळ असतेस. ती खरंच बाहेरची आहे ना? तू हो म्हण, मी अक्कांचं मनावर घेणार नाही."

एवढंच विचारलं तिनं. आणि ती खरंच मनावर घेणार नव्हती. आई माझा शब्द धरायची. एक हो म्हटलं असतं तर परवाच्या गाडीत आम्ही दोघी बसलो असतो.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. धोतराचा कोपरा धरून मी पाणी शिंपडत राहिले, जिथे आधीच भिजलं होतं तिथेच.

भ्याले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. आईशी खोटं कसं बोलायचं, पोटातल्या मुलाचं काही झालं तर, असंही. ते सगळं खरं असेल. पण त्या क्षणी माझ्या कानात ते नव्हतं. कानात आबांचं आदल्या रात्रीचं वाक्य होतं, आणि त्यावरचं सगळ्यांचं हसू. वहिनी धुळ्याला आली नाही तर दोन निकाल शेजारी ठेवून कोणी बघणार नाही, हे मला त्या वेळी स्पष्ट कळलं होतं. इतकं स्पष्ट मला इंग्रजी कधी कळलं नव्हतं.

आईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ओला हात पदराला पुसला आणि ती जिना उतरून खाली गेली. मी वरून पाहिलं. ती पडवीशी गेली, शिवाशीव न पाळता वहिनीसमोर बसली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. वहिनीनं खाली मान घातली.

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. आई रडायलाच लागली आनंदानं. वहिनीला घरात घेतलं, आंघोळ घातली, ओटी भरली. आबांनी पेढीवरच्या माणसाला पेढे आणायला पिटाळलं. दादा लाजून अंगणात जाऊन उभा राहिला. एवढे दिवस फरशीवर झोपलीस, वेडी का काय, म्हणून आई तिला कुरवाळत होती. परीक्षेचं नाव कोणी काढलं नाही. ते कोणाच्या मनातच आलं नाही. मास्तरांना निरोप गेला तोही पेढ्यांबरोबर.

दिवेलागणीला मी माजघरात गेले तर वहिनी नव्या सतरंजीवर बसली होती. तिनं माझा हात धरला. किती दिवसांनी आम्ही एकमेकींना शिवत होतो.

"सासूबाई तुला विचारत होत्या ना? मी बघत होते," ती म्हणाली. "किती वेळ विचारत होत्या. तू माझ्यासाठी आईशी खोटं बोललीस. त्यांनी धरलं नाही ते त्यांचं. पण या घरात माझ्या बाजूनं एवढं कोणी केलं नव्हतं."

मी काय करायला हवं होतं ते आता कोणीही सांगेल. मी पुन्हा गप्प राहिले. तिचा हात धरून. पहिल्या वेळचं गप्प राहणं एका दुपारचं होतं. हे दुसरं दहा वर्षं चाललं.

देवपुरात मावशीनं खरंच दोन अंथरुणं घातली होती. बातमी कळल्यावर तिनं दुसरं अंथरूण उचललं नाही, तसंच राहू दिलं. पेपरात ती वाक्यं होती, ‘नो सूनर’ वापरून पुन्हा लिहा. मी लिहिली. लिहिताना उंबऱ्यात सासरे आणि उठून उभी राहणारी सून डोळ्यांपुढे होती, म्हणून क्रियापद चुकलं नाही. मी पास झाले. इंग्रजीत सगळ्यांत जास्त मार्क. आबांनी मास्तरांना धोतरजोडी दिली.

आणि मोठ्या बाईंनी ती शिक्षिकेची जागा मला दिली. मी मागितली नव्हती, पण नकोही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी शाळेत जाताना वहिनीनं माझ्या निऱ्या बसवून दिल्या. तिला तेव्हा वाकवत नव्हतं, तरी खाली बसून एकेक निरी तिनं चिमटीत धरून सरळ केली.

तिला मुलगी झाली. मग एक मुलगा. पुन्हा फॉर्म भरायचा विषय मी एकदा काढला होता. ती हसून म्हणाली, आबा दुसऱ्यांदा विचारायचं नाही म्हणाले होते ना. माझं पुढचं शिक्षण झालं, लग्न होऊन मी जळगावला आले, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. दर वर्षी तो धडा यायचा. मुली चुकायच्या तिथेच मी चुकत होते. मी त्यांना तागडीचं सांगायची. सासरा आणि सुनेचं मात्र वर्गात माझ्या तोंडून कधी निघालं नाही. ते माझं नव्हतं.

वहिनीचं माझ्यावरचं प्रेम वाढतच गेलं, आणि मला माहेरी जाणं जड होत गेलं. माझ्या लग्नात तिनं आपल्या माहेरच्या कुड्या माझ्या कानात घातल्या. कोणाशी माझा वाद झाला की ती माझी बाजू घ्यायची. आल्यागेल्याला सांगायची, आमच्या वन्सं शब्दाच्या पक्क्या.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. आबा गेले होते, आई थकली होती. मी सुट्टीत गेले ती नेमकी बिबड्यांच्या दिवसांत. दुपारी धाब्यावर धोतराच्या एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी. तिची मुलगी चौथीची परीक्षा देऊन खाली सागरगोटे खेळत होती. वहिनी म्हणाली, पोरीला पाचवीपासून जळगावला ठेवायची आहे. पाचवीला इंग्रजी सुरू होतं, पाया पक्का व्हायला हवा. दादाचंही तसंच म्हणणं होतं.

"दुसऱ्या कोणाकडे मी पाठवणार नाही," ती म्हणाली. "तू त्या दिवशी माझ्यासाठी बोलली होतीस. तुझ्याकडे पाठवते."

खाली सागरगोट्यांचा आवाज येत होता. तेच धाबं, तेच ऊन, आणि हातात ओला कोपरा. मला वाटलं, मी अजून तिथेच आहे, आई अजून उत्तराची वाट बघत समोर बसलीय.

"मी नव्हते बोलले," मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. आईनं काय विचारलं, मी काय केलं, आबांचं ते वाक्य, तिचे मार्क, माझे मार्क. भीतीचं काही सांगितलं नाही. ती सबब झाली असती. 

वहिनीनं हात थांबवला नाही. ती बिबडे सोडवत राहिली. एक फाटला. तिनं तो बाजूला ठेवला, पुढचा सोडवला. रांग संपेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग उठून परात कमरेवर घेतली आणि जिन्यापाशी गेली. तिथे उभी राहिली, पाठमोरी.

"सासूबाई मागे एकदा म्हणाल्या होत्या, पोरीनं हो म्हटलं असतं तर मी उठलेच नसते. मला वाटलं, त्या म्हाताऱ्या झाल्यात, विसरतायत."

ती उतरून गेल्यावर मी एकटीनं धोतरं गोळा केली. 

संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जायला निघाले तेव्हा ओसरीवर माझ्या पिशवीशेजारी एक लहान पत्र्याची पेटी होती. मुलगी दोन वेण्या घालून तिच्यावर बसली होती. वहिनी दारात उभी होती, तिथेच, जिथून कधी काळी तिनं मास्तरांना विचारलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, आणि बाहेरचं कोणी नसताना तिनं मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. "उद्या तिच्याविषयी कोणी तुम्हाला काही विचारेल. नवरा, सासू, कोणीही. तेव्हा बोला."

मी हो म्हणाले. मोठ्यानं, मुलीला ऐकू जाईल असं. मग आम्ही स्टेशनवर गेलो. गाडीत मुलगी खिडकीशी बसली आणि पहिला पूल येईपर्यंत झोपूनही गेली. तिची पेटी माझ्या पायांना लागत होती. मी पाय काढून घेतले नाहीत.